पोरांचा दम काढायचा की दम वाढवायचा?

लालमाती

मंडळी, नऊ वर्षं झाली, आमच्या गावच्या मंडळात कुमार गटाच्या पोरांना कबड्डी शिकवतोय. गाव रायगड जिल्ह्यातलं, पेणच्या पुढे. पगारी कोच नाही. सकाळी कंपनीत शिफ्ट असते, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मैदानावर. मी स्वतः डावा कोपरा खेळायचो, जिल्ह्यापर्यंत गेलो होतो.

रविवारी शेजारच्या गावाशी सामना होता. मध्यंतराला आम्ही आठ गुणांनी पुढे. दुसऱ्या डावात पोरं अशी ढेपाळली की दोन लोण बसले, म्हणजे दोनदा सगळा संघ बाद झाला. पकडीला जाताना पाय उचलत नव्हते, चढाईहून परत येताना मध्यरेषेआधीच मान खाली. हरलो. मंगळवारी मी ठरवूनच मैदानावर गेलो की आज यांचा दम काढायचा. मागच्या रेषेवरून बोनस रेषा शिवून परत, निदान रेषा शिवून परत, मध्यरेषा, मग थेट पलीकडची मागची रेषा. याला सगळे सुसाईड म्हणतात. वीस फेऱ्या सांगितल्या. मे महिना, पावणेसहाची वेळ, वारा पडलेला, खाडीकडचा दमटपणा तुम्हाला माहीतच आहे. पाणी नंतर, असा माझा नियम होता. माझ्या कोचचाही तोच होता.

चौदाव्या फेरीला सतरा वर्षांचा एक पोरगा निदान रेषेवर वाकला तो उठेना. मी ओरडलो, "नाटकं बंद कर." जवळ गेलो तर डोळे वेगळेच. विचारलं, "कुठे आहेस?" तर म्हणाला, "वर्गात." घाम वाहत होता, अंग मात्र तापलेल्या पत्र्यासारखं. माझे हातपाय गळाले. बाजूला कपडे वाळत घालणाऱ्या एका काकूंनी आरडाओरडा केला, "अरे पाणी ओता त्याच्यावर, बघत काय बसलात?" मैदानावर मारायला दोन पिंपं भरून ठेवलेली असतात. ती दोन्ही पोरांनी त्याच्यावर ओतली, पंचे भिजवून घातले, मग मंडळाच्या टेम्पोतून दवाखान्यात. तीन दिवस सलाईनवर होता. आता बरा आहे. डॉक्टर म्हणाले, पाणी ओतलंत म्हणून निभावलं.

चार दिवस झोप नाही. मैदानाच्या मातीला दोन पिंपं पाणी मारत होतो आणि पोरांना घोटभर देत नव्हतो. त्याची आई भेटली, एका शब्दाने बोलली नाही. एवढंच म्हणाली, "सर, त्याला परत कधीपासून पाठवू?"

मला खरंच विचारायचंय. कसून मेहनत आणि जिवावरची मेहनत यांतली रेघ मैदानावर उभं असताना कशी ओळखायची? मेहनत सोडून तर चालणार नाही. जाणकारांनी लिहावं.

गिरणगावकर

लालमाती, पोरगा सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

माझं वय ६६. परळला खेळलो. वडील गिरणीत, आम्ही चाळीच्या अंगणात. पहाटे तीनशे बैठका, शंभर जोर, मग भोईवाड्यापर्यंत पळत जाऊन परत. पाणी मागितलं की सर म्हणायचे, दम फुटेल. त्या मेहनतीवर आम्ही पुढची वीस वर्षं मैदानात काढली. आजची पोरं पाचव्या मिनिटाला कंबरेवर हात ठेवतात. शेवटच्या मिनिटाला दोन रिकाम्या चढायांनंतरची, गुण घ्यावाच लागणारी तिसरी चढाई आली, समोर सात जण उभे असले, की तिथे जो माणूस टिकतो तो अशाच मेहनतीतून तयार झालेला असतो. एका प्रसंगामुळे ती बंद करू नका एवढं कळकळीने सांगतो.

पोलमारी

गिरणगावकर काका, मेहनत बंद करा असं कोणीच म्हणत नाहीये. मी खो-खो खेळले, राज्य स्पर्धेपर्यंत. आता सांगली जिल्ह्यात एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे.

आमच्या खेळात दम नसेल तर नऊ मिनिटांची पाळी संपता संपत नाही. पाटीवर उकिडवं बसायचं, खो मिळाला की त्याच क्षणी उठून सुटायचं, आणि खो दिला की पुन्हा खाली. एका पाळीत किती वेळा उठबस होते ते मांड्यांना विचारा. पण म्हणूनच माझ्या बाईंनी आम्हाला कधी मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या नाहीत. त्या म्हणायच्या, खो-खोत कोणी गोल पळत सुटतं का? आमची मेहनत पाटीवरूनच व्हायची. उठ, चार पाट्या पळ, खो दे, बस. हे दीड मिनिट, मग तीन मिनिटं चालायचं. मग एका पोलपासून दुसऱ्या पोलपर्यंत साखळी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळणं, तीही शेवटच्या मुलीची पावलं विस्कटेपर्यंतच. पावलं विस्कटली की शिट्टी. बाई म्हणायच्या, विस्कटलेली पावलं पन्नास वेळा टाकलीस तर तीच अंगवळणी पडतील.

मुलींचं एक वेगळं सांगते, कारण पुरुष कोचांच्या हे डोक्यातच येत नाही. पाणी ठेवलेलं असलं तरी मुली पीत नाहीत. का? मैदानाजवळ संडास नसतो. घरून निघताना प्यायच्या नाहीत, मैदानावर प्यायच्या नाहीत, घरी जाऊनच पिणार. मासिक पाळीच्या दिवसांत तर तोंडच उघडत नाहीत, सरांना काय सांगायचं? मी पहिलं काम काय केलं असेल तर शाळेच्या मागच्या संडासाची किल्ली माझ्याकडे मागून घेतली आणि ती मैदानावर खुंटीला लावून ठेवली. कोणी विचारायचं नाही, किल्ली घ्यायची आणि जायचं. महिन्याभरात पाण्याच्या बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या.

शेवगाव_एक्सप्रेस

पोलमारी ताई, किल्लीचं वाचून गलबलून आलं. आमच्या तालुक्यात मुलींचा संघ दोन वर्षांत बंद पडला. त्याचं कारण आत्ता कळतंय.

ऑरेंजसिटी_एमडी

मी डॉक्टर आहे, नागपूरला. उन्हाचे रुग्ण दर वर्षी बघतो म्हणून सविस्तर लिहितो.

लालमाती, तुमच्या पोराचं "वर्गात" हे उत्तर हीच ती रेघ. दमलेला खेळाडू धापा टाकतो, उलटी करतो, पायात गोळे येतात, पण तो कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. बोलणं असंबद्ध झालं, चाल झिंगल्यासारखी झाली, उगाच चिडायला लागला, की तो उष्माघात समजून चालायचं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, ही मोठी चुकीची समजूत आहे. उन्हात नुसत्या बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी पडलेली असते. मेहनत करताना कोसळलेला तरुण घामाने निथळत असू शकतो. त्याच्या शरीराच्या आतलं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेलं असतं आणि पहिल्या अर्ध्या तासात ते खाली आणलं तर जीव वाचतो. म्हणून आधी थंड करायचं, मग हलवायचं. त्या काकूंना माझा नमस्कार सांगा.

थंड पाण्यात बुडवायला टब कुठून आणणार असं कोणी म्हणेल. मांडवाची ताडपत्री सगळ्यांकडे असते. पोराला तिच्यावर निजवा, चार जणांनी चार कोपरे उचलून झोळी करा, त्यात पाणी आणि असेल तेवढा बर्फ ओता, डोकं वर धरा आणि झोळी हलवत राहा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.

दुसरी गोष्ट लघवीची. खूप बैठका, बेडूकउड्या मारल्यावर एक-दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या झाल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर थेट दवाखाना. स्नायू फुटून त्यातला ऐवज मूत्रपिंडात जाऊन बसतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला जानेवारी २०११ मध्ये सुट्टीनंतर लगेच शंभर बैठकांचा जड व्यायाम दिला होता. तेरा धडधाकट खेळाडू रुग्णालयात गेले. बैठका वाईट नाहीत. सुट्टीनंतरच्या पहिल्याच आठवड्यातल्या शंभर बैठका वाईट.

तिसरी गोष्ट आमच्या विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या कोचांनी तर लिहूनच ठेवावी. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. ज्याच्यात हा आजार पूर्ण उतरलेला असतो त्याला लहानपणापासून त्रास असतो, ते घरच्यांना माहीत असतं. पण जो फक्त वाहक असतो तो ठणठणीत असतो. तो खेळू शकतो, खुशाल खेळावं. धोका एकाच ठिकाणी आहे, न थांबता लागोपाठ पूर्ण वेगाने पळवलं तर. तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन रक्त अडवतात. २००६ मध्ये टेक्सासच्या राइस विद्यापीठात डेल लॉईड नावाचा एकोणीस वर्षांचा खेळाडू शंभर यार्डांच्या सोळा फेऱ्यांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर २०१० मध्ये तिथल्या मोठ्या विद्यापीठांत खेळाडूंच्या तपासणीचा नियम आला. असा पोरगा सरावाच्या पहिल्या काही मिनिटांतच बसतो, पाय गेले म्हणतो, पण स्नायूत गोळा हाताला लागत नाही आणि बोलतो नीट. कोचला वाटतं हा कामचोर. तोच क्षण घात करतो. आपल्याकडे तपासणी सरकारी दवाखान्यात होते, शाळांतून कार्डंही मिळालेली असतात. संघ निवडताना आधार कार्डाबरोबर तेही बघा.

एक प्रश्न, लालमाती. त्या दिवशी पोरगा काय खाऊन-पिऊन आला होता? आधी ताप, जुलाब काही?

पोटोमॅककाठी

डॉक्टरसाहेबांनी राइसचं लिहिलं म्हणून पुढे लिहितो. मी मूळचा साताऱ्याचा, वीस वर्षं मेरीलँडमध्ये. मुलगा हायस्कूलात अमेरिकन फुटबॉल खेळतो. त्याने नाव घातलं तेव्हा मी आणि बायको दोघंही घाबरलो होतो, कारण आमच्या राज्यातलंच २०१८ चं जॉर्डन मॅकनेरचं प्रकरण. मेरीलँड विद्यापीठाचा खेळाडू, वय एकोणीस. २९ मे रोजी ११० यार्डांच्या दहा फेऱ्या धावण्याचा सराव होता. शेवटी शेवटी त्याला उभं राहता येईना. बर्फाच्या पाण्यात त्याला बुडवलंच नाही, रुग्णवाहिका बोलवायला जवळजवळ तास गेला. १३ जूनला तो गेला. २०२१ मध्ये त्याच्या नावाने राज्याने कायदा केला.

मुलाच्या पहिल्या सरावाला मी मुद्दाम कुंपणापाशी उभा राहिलो. ऑगस्ट महिना. मैदानाच्या कडेला सावलीत गुरांना पाणी पाजायची असते तसली मोठी टाकी, बर्फाने भरलेली. कोणीही दमलेलं नसताना, सराव सुरू व्हायच्या आधी भरून ठेवलेली. पहिले काही दिवस फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, पूर्ण साज सगळ्यात शेवटी, कारण अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. सराव थांबवण्याचा अधिकार कोचकडे नाही, तिथे उभ्या असलेल्या ट्रेनर बाईंकडे. त्या बाईंनी हात वर केला की कोचचं काही चालत नाही. हे बघितल्यावर मी घरी गेलो.

गिरणगावकर काका, तुमच्यासारखं बोलणारे इथेही खूप आहेत. १९५४ साली टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठाचा कोच बेअर ब्रायंट पोरांना जंक्शन नावाच्या गावी घेऊन गेला. दहा दिवस, रखरखीत ऊन, पाणी नाही. बहुतेक पोरं पळून गेली, राहिली ती पस्तीसच्या आसपास. त्याच्या कथा आजही अभिमानाने सांगतात. पण त्या हंगामात तो संघ दहापैकी नऊ सामने हरला, हे कथेत येत नाही. दोन वर्षांनी ते अजिंक्य झाले खरे. पण जी पोरं निघून गेली त्यांच्यात कोण होतं, ते कुणी मोजलं?

गिरणगावकर

पोटोमॅककाठी, तुमचं शेवटचं वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. आमच्या चाळीतला एक मुलगा होता, माझ्याहून चपळ. पायात वीज. एका उन्हाळ्यात सरांनी त्याला सगळ्यांसमोर कोंबडा करून चालवलं, तो पडला, उठून घरी गेला तो परत आला नाही. आम्ही त्याला कच्चा म्हणालो. पुढे तो दिसला की मान फिरवायचो. पन्नास वर्षं झाली.

पाण्याबद्दल मी चुकीचं बोललो. बैठकांबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

शिट्टी_वाजली

बैठकांबद्दल काकांशी सहमत, खरंच. मी पुण्यात हॉकी आणि फुटबॉलच्या मुलांची शारीरिक तयारी करून घेतो. हेच पोटापाण्याचं काम. जोर-बैठका म्हणजे आपल्याकडची फुकटची, उत्तम ताकद. फक्त ती हळूहळू चढवायची असते आणि ताज्या अंगाने करायची असते, दमलेल्या अंगावर शिक्षा म्हणून नव्हे.

लालमाती, तुमचा संघ दुसऱ्या डावात का बसला ते बघा. चढाई तीस सेकंदांची. त्यात खरा जोर लागतो तो शिवताना किंवा सुटताना, काही सेकंदांचा. या जोरासाठी स्नायूत जो तयार साठा असतो तो दहाएक सेकंदांत संपत येतो आणि बराचसा परत भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. तो भरण्याचा वेग वाढवणं, म्हणजे कबड्डीतला दम. वीस फेऱ्या सलग मारल्या की तिसऱ्या फेरीनंतर पोरगा जोर लावतच नाही, कसाबसा ढकलत असतो. म्हणजे तुम्ही त्याला शिकवताय हळू पळायला. तेच त्याने रविवारी सामन्यात केलं.

करून बघा. सहा जण, दोन गट. तीस सेकंद खोटी चढाई पूर्ण वेगात, समोर खरे कोपरारक्षक उभे. मग दीड मिनिट मोकळं चालणं. असं सहा वेळा, मग चार मिनिटं सावलीत पाणी. पुन्हा सहा. पहिल्या आठवड्यात एवढंच, पुढच्या आठवड्यात थोडं वाढवा. पकडीचा सराव नेहमी सुरुवातीला. दमल्यावर पकड घ्यायला लावली की डोकं खाली जातं, गुडघा आत वळतो, आणि मग गुडघ्यातली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटल्याचा आवाज आख्ख्या मैदानाला ऐकू येतो. मी दोन वेळा ऐकलाय.

आणि मोजा. महिन्यातून एकदा ब्राँको नावाची धावण्याची चाचणी लावा. वीस मीटर जाऊन परत, चाळीस जाऊन परत, साठ जाऊन परत, असे पाच वेळा, एकूण १२०० मीटर, घड्याळ लावून. यो-यो चाचणी हवी तर तीही आहे, भारतीय क्रिकेट संघामुळे नाव सगळ्यांना माहीत झालंय. पण ही परीक्षा आहे. परीक्षा रोज घेऊन कोणी हुशार होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं. हरल्याची शिक्षा म्हणून पळवणं आजपासून बंद करा. पळणं ही शिक्षा झाली की पोरगा पळताना चोरी करायला शिकतो, आणि जो प्रामाणिक असतो तो चोरी न करता मरायला टेकतो. तुमचा कोसळलेला पोरगा संघातला सगळ्यात प्रामाणिक असणार, मी पैज लावतो.

लालमाती

सगळ्यांचे आभार. शिट्टीभाऊ, पैज जिंकलात.

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रश्न वाचून मी काल त्याच्या घरी गेलो. पडवीत बसलो. आधी काहीच बोलेना. मग म्हणाला, "सर, वजन." जिल्हा निवड चाचणी तोंडावर आहे आणि कुमार गटाला सत्तर किलोची अट. त्याचं बहात्तर भरत होतं. तो आठ दिवस पहाटे रेनकोट घालून पळत होता. त्या मंगळवारी सकाळपासून दोन इडल्या खाल्ल्या होत्या आणि दुपारनंतर पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी माझ्या वीस फेऱ्या.

मी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं रे?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी काट्यावर उभा असताना मीच म्हणालो होतो, "दोन किलो उतरव, नाहीतर बाहेर बसशील." कसं उतरव ते सांगितलं नव्हतं. त्याने त्याच्या परीने उतरवलं.

हे मी त्याच्या आईबापांसमोर, जसं इथे लिहिलं तसं, सांगून टाकलं. वडील म्हणाले, तुम्ही सांगितलंत म्हणून पाठवू.

काल सगळ्या पोरांना गोळा केलं. वजनाला जो सहज बसेल तोच कुमार गटात, नाही बसला तर पुढच्या गटात सराव करेल, रेनकोट दिसला तर मी स्वतः घरी सोडून येईन. पिंपं आता तीन. दोन मातीची, एक पोरांचं, झाकण लावून वडाखाली. मंडळाची ताडपत्री घडी करून तिथेच. सराव संध्याकाळी साडेपाचऐवजी सकाळी साडेसहाला, शिफ्ट बदलून घेतली. त्या काकूंना विचारलं, तुम्ही येऊन बसाल का रोज? त्या म्हणाल्या, कपडे तर वाळत घालतेच, नजर ठेवीन. हात वर करायचा अधिकार त्यांना दिलाय.

आज पहिला दिवस होता. चौथ्या चढाईनंतर एका लहान पोराने हात वर केला, पाणी पाहिजे म्हणून. बाकीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी काय करतो म्हणून. मी शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवली. तो प्यायला, मग एकेक करत सगळे गेले.

ऑरेंजसिटी_एमडी

लालमाती, कोसळलेल्या पोराला इतक्यात पळवू नका. रक्ताची तपासणी पूर्ण नीट आल्याशिवाय काहीच नाही, नंतर आधी चालणं, मग हलकं धावणं, मग सराव. काही आठवडे जातील. एकदा उष्माघात झालेल्याला काही काळ पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो. निवड चाचणी या वर्षी सोडा.

लालमाती

सोडली. त्यालाच विचारून सोडली. तो आता गुणलेखन करायला वहीपेन घेऊन येतो, मध्यरेषेपाशी खुर्ची टाकून बसतो.

गिरणगावकर

लालमाती, पेणला एसटी किती वाजता पोचते? येत्या रविवारी येतो. बैठक कशी मारायची, टाच कुठे, पाठ कुठे, हे पोरांना दाखवायचंय. गुडघे अजून शाबूत आहेत. दहापेक्षा जास्त मारायला लावणार नाही. आणि तो वहीवाला पोरगा आहे ना, त्याला सांगा, माझ्या शेजारी खुर्ची ठेव.